मोठ्या मापाचे हातमोजे

“मॅडम, हातमोजे घाला. ही मळी थंड झालीय, पण शांत झालेली नाही.”

पोलादाच्या कारखान्यामागच्या ढिगाऱ्यापाशी भट्टीवाल्यानं पहिल्याच भेटीत बजावलं होतं. तिनं ते या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. “दगड आहे हो, विंचू नाही!” म्हणत ती ओल्या मळीचं पोतं हातानंच भरत राहिली.

ती सांडपाण्याच्या प्रयोगशाळेतली. पोलाद वितळताना वर येणारी ही मळी लोक टाकून देतात. तिला मात्र त्यातून मुलाम्याच्या कारखान्याचं निळं पाणी गाळायचं होतं. पाण्यातलं तांबं मळी धरून ठेवते, अगदी घट्ट.

संध्याकाळपर्यंत बोटं चुन्यानं सोलावीत तशी सोलली. आठ दिवसांनी फाटकावरच्या वहीत सही करताना तिच्या हातून पेन सुटलं. भट्टीवाला बघत होता. रागावला असता तर परवडलं असतं... त्यानं आपले हातमोजे काढून वहीवर ठेवले.

“आणि तुम्हाला?”

“दुसरी जोडी आहे की!”

घरी आईनं ते उलटसुलट करून पाहिले. “कोणाचे गं? एकात तुझे दोन्ही हात मावतील.”

“कारखान्याचे.”

“मग कारखान्याचं नाव काढताच कान का लाल झाले?”

प्रयोग मात्र अडला. पाणी काचेसारखं नितळ व्हायचं, पण मळीतल्या चुन्यानं इतकं जहाल, की मासा सोडला तर तडफडून उलटा होईल. दीड महिना असाच गेला. “महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर काम बंद म्हणालेत साहेब,” तिनं भट्टीवाल्याला सांगितलं.

“चला माझ्याबरोबर.”

शेडमागे एक वेगळा ढीग होता, ओला, करडा.

“तुमची बोटं बघितली ना, त्या दिवसापासून हिला रोज पाणी पाजतोय, खालीवर करतोय. राग उतरलाय आता तिचा.”

“एवढं कशासाठी?”

“तुम्ही... येत राहावं म्हणून.”

“आणि ढीग संपला की?”

“भट्टी रोज पेटते, मॅडम —”

त्या मळीतून पाणी खरंच सौम्य उतरलं. मुदतीला चार दिवस बाकी होते. ती धावतच सांगायला आली, आनंदानं त्याचा हात धरला — आणि दचकली. तळहात सोलून निघाला होता.

“दुसरी जोडी कुठंय?”

तो ओशाळला. “नव्हतीच.”

तिला रडू आलं, हसूही. “उद्या दोन जोड्या आणते. यापुढं ढीग दोघांनी उलटायचा... जन्मभर. आहे कबूल?”

“आहे, मॅडम.”

“आधी ते मॅडम बंद!”

सगळ्यांना ‘जपून’ म्हणणारं असं एक माणूस तुमच्याही घरात असेल. विचारलंत तर म्हणेल, ‘मला काय धाड भरलीय?’ आज तेवढ्यावर सोडू नका. त्याच्याजवळ बसा, आणि जरा त्याचे तळहात उघडून बघाल?