खोलीची शांतता

शूटिंगवाला अकराला येणार होता, तो साडेबाराला आला आणि आल्या आल्या त्याने विचारलं, "मॅडम, ड्रोन लावायचा का?"

बेबीने त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या दोन खोल्यांच्या घराकडे बघितलं. "कुठे? पंख्याला?"

"नाही, मी आपलं सगळ्यांना विचारतो," तो म्हणाला आणि खांद्यावरच्या दोन बॅगा त्याने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर टेकवल्या.

बेबी हे तिचं घरातलं नाव. वय चौतीस, सातवा महिना, बँकेत हाताखाली डझनभर माणसं, तरी वडिलांच्या लेखी ती बेबीच. कामाच्या माणसांशी तिचं कधी पटलं नाही असं नव्हे, पण शूटिंगवाला ही जात तिने पहिल्यांदाच बघितली होती, आणि पहिल्या पाच मिनिटांतच हा माणूस आपल्या नाकी नऊ आणणार हे तिने ओळखलं.

काम तसं साधं होतं. तिच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, गळ्याचं ऑपरेशन परवावर आलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं: स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही. आता आवाजावाचून कुणाचं किती अडतं, पण अण्णांनी उभी हयात बसस्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात घालवलेली. शहरात त्यांना चेहऱ्याने ओळखणारे थोडे. पण दुकानात जाऊन त्यांनी "अर्धा किलो साखर" म्हटलं की आजूबाजूची चार माणसं पिशव्या उचलून उभी राहत. आता त्या आवाजाला चरे पडले होते, मधेच तो फाटत होता, तरी होता. पोटातल्या बाळाला पुढे कधीतरी आजोबांचा आवाज ऐकायला मिळावा, एवढंच बेबीला हवं होतं. त्यासाठी तिच्या नवऱ्याने फोनवर तीनदा प्रयत्न केले. पहिल्यात कुकरची शिट्टी आली, दुसऱ्यात नुसतं अण्णांचं कपाळ आलं आणि तिसऱ्यात नवऱ्याचाच अंगठा. तेव्हा ती म्हणाली, बास झालं, एकदा धंदेवाईक माणूस बोलावू.

धंदेवाईक माणसाने आधी सोफा फिरवला. मग भिंतीवरचं चित्र काढलं, कारण त्याची काच चमकत होती. कुंडी अलीकडे आणली, पलीकडे नेली, शेवटी बाथरूममध्ये ठेवली. पडदे ओढले. पंखा बंद केला.

"फ्रिज बंद करा," तो म्हणाला. "बोलतो तो."

"आमचा फ्रिज बोलतो?"

"सगळ्यांचेच बोलतात, मॅडम. तुम्हाला सवय असते."

भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही त्याने काढून घेतला. खुर्चीत बसल्या बसल्या अण्णा हा सगळा तमाशा बघत होते. "माझ्या लग्नातसुद्धा एवढं सामान हललं नव्हतं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"काका, तुम्ही फक्त नॅचरल राहा."

"अजून कसा राहू? जन्मल्यापासून असाच आहे."

त्याने अण्णांच्या कॉलरला बोटाच्या पेराएवढा माइक टोचला आणि दिवे लावले. खोली तापायला लागली. दिव्यांवर बसलेली धूळ भाजल्याचा वास सुटला, आणि फ्रिजखालून पाण्याचा एक ओघळ दाराकडे निघाला. घरात राहून राहून जे आवाज ऐकू येईनासे झाले होते, ते एकेक करून बंद पडल्यावर कळलं की ते होते. बेबीला उगाचच मोठ्याने काहीतरी बोलावंसं वाटलं. तिने पाठीमागे उशी घेतली आणि कॅमेऱ्याशेजारच्या स्टुलावर बसली.

शूटिंगवाल्याने मोठाले काळे हेडफोन कानांवर चढवले आणि बोट वर केलं.

अण्णा ताठ झाले. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली. "बाळा, मी तुझा आजोबा. तुला माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगतो. त्या दिवशी मी दोन गाड्यांचे फलाट उलटे पुकारले. एक अख्खं वऱ्हाड भलत्याच गावाला गेलं. आणि नुसतं गेलं नाही, तिथे जेवूनही आलं..."

बेबीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती, पण त्या 'जेवूनही आलं'वर अण्णांचा आवाज क्षणभर जुना झाला होता, स्वच्छ आणि भरदार.

"कट," शूटिंगवाला म्हणाला. "काका, परत एकदा."

"का?" बेबीने विचारलं.

"आवाज पुढे पळतोय." तो तारा उपसत होता. "ओठ नंतर हलतात, शब्द आधी येतो. मिनिटभर थांबा."

मिनिटभर म्हणजे वीस मिनिटं. त्याने तार बदलली, सेल बदलले, माइक बदलला. मग खोलीच्या मध्ये उभा राहून टाळ्या वाजवत सुटला. टाळी बरोबर येत होती. "मॅडम, हॅलो म्हणा." तिने दात ओठ खाऊन हॅलो म्हटलं, तेही बरोबर आलं.

"मग आता?" तिने विचारलं.

"मग आता काका."

अण्णांनी गोष्ट पुन्हा सांगितली. या खेपेला आवाज दोनदा फाटला आणि वऱ्हाडापाशी येऊन त्यांना पाणी प्यावं लागलं. शूटिंगवाल्याने कट म्हटलं नाही. तो नुसता मशीनकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"अख्खं वाक्य पुढे गेलंय," तो म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, तुमचं मशीन जुनं असेल तर तसं सांगा! डॉक्टरांनी त्यांना बोलू नका म्हणून सांगितलंय. त्यांचा आवाज म्हणजे काय नळाचं पाणी आहे, हवं तेव्हा सोडायला?"

"मॅडम, रागावू नका. आवाज उशिरा येतो, ते मी हजारदा बघितलंय. त्याला इलाज आहे. आधी आलेला..." त्याने कपाळ पुसलं. "जे अजून बोललंच नाही, ते मशीन घेईल कुठून?"

"ते मला विचारताय?"

त्याने कानांवरचे हेडफोन काढून तिच्या हातात दिले. "तुम्हीच ऐका. मी चालू करतो."

हेडफोन आतून त्याच्या घामाने ओले होते. तिने तोंड वाकडं करून ते कानांवर ठेवले. समोर अण्णा घसा खाकरत होते, तोंड अजून उघडलं नव्हतं. आणि तिच्या कानात, अगदी जवळून, अण्णा म्हणाले, "...तिथे जेवूनही आलं. बेबी, पुरे आता, बाळा. दमलो."

मग अण्णांनी तोंड उघडलं आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले. तिच्या कानात काहीच येत नव्हतं. ओठ हलत होते, कपाळावरची शीर ताठ होत होती, वऱ्हाड निघालं, पोहोचलं, जेवलं. शेवटी अण्णांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. ओठांची हालचाल तिला नीट वाचता आली. बेबी, पुरे आता, बाळा. दमलो.

तिने हेडफोन काढले. खोलीत घुसमटल्यासारखं होत होतं. हा काहीतरी यंत्राचा घोळ आहे, तिने स्वतःला बजावलं. अण्णा हीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतायत, मागचं पुढचं मिसळलं असेल. पण 'पुरे आता' ते आधी एकदाही म्हणाले नव्हते.

"अण्णा, बरं वाटतंय ना?"

अण्णांनी काहीतरी म्हटलं, आणि नुसती हवा बाहेर आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तसंच. परवापर्यंत पुरवायचा तो आवाज भर दुपारी, हिच्या हौसेपायी, संपला होता. हात हलवून त्यांनी 'असू दे' अशी खूण केली आणि डोळे मिटून घेतले. बेबीला स्वतःचा इतका राग आला की तिने तो सगळा शूटिंगवाल्यावर काढला. "झालं समाधान? आवरा आता. उचला तुमचं दुकान."

"मॅडम, जेवढं मिळालंय तेवढं एडिटला मागे ओढून बसवतो," तो दबक्या आवाजात म्हणाला. भांडण्याचा त्याचाही जोर गेला होता. "फक्त एक मिनिट खोलीची शांतता द्या."

"काय द्या?"

"शांतता. कुणी काही बोलायचं नाही, हलायचं नाही, मी नुसती खोली रेकॉर्ड करतो. दोन वाक्यांच्या मध्ये भरायला लागते ती. दुसऱ्या ठिकाणची चालत नाही, प्रत्येक खोलीची वेगळी असते. हे मी प्रत्येक शूटिंगला करतो."

बेबीने कपाळाला हात लावला. इतका वेळ घरातला एकेक आवाज मारून झाला आणि आता हा माणूस शांततेचं शूटिंग करणार! पण दोन वाक्यं तरी नीट लागली पाहिजेत, हेही खरं होतं. "करा," ती म्हणाली. "आणि जा."

"हेडफोन तुम्हीच लावा. माझा कानांवरचा विश्वास उडालाय. काही खुट्ट झालं तर हात वर करा."

त्याने मशीनचं बटण दाबलं. अण्णा डोळे मिटून, तोंड घट्ट मिटून बसले होते. माइक त्यांच्या कॉलरलाच होता. बेबीच्या कानात आधी नुसती पोकळी होती, मग त्या पोकळीत कुणीतरी हसलं.

अण्णाच. पण आत्ताचे नव्हेत, भोंग्यातले. आवाजाला एक चरा नव्हता.

"...अगं, अख्खं वऱ्हाड! भलत्याच गावाला!"

"मग त्यांना कळलं नाही, आजोबा?"

लहान मुलीचा आवाज होता. तीन-चार वर्षांची असेल. 'कळलं'मधला ळ तिला अजून नीट येत नव्हता.

"कळलं ना. जेवल्यावर कळलं."

मुलगी खदखदून हसली. आवाज दर खेपेला पुढे पळत होता. आधी शब्दभर, मग वाक्यभर, मग गोष्टभर. आता कुठवर गेला? मूल बोलायला लागायचं म्हणजे वर्षं जायची. म्हणजे परवा काही होत नाही! डॉक्टर चुकले. आवाज राहिला, अण्णा राहिले, आणि मुलगी आहे, अशी चुरूचुरू बोलते, अशी हसते. इतका आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. हात वर करायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. तिने दोन्ही तळव्यांनी हेडफोन कानांवर दाबून धरले.

"आईला सांगू ही गोष्ट?" मुलीने विचारलं. "आई! ए आई!"

"नको गं," अण्णा म्हणाले. आवाज मायेचा होता, पण थोडा दमलेला, बऱ्याचदा समजावून झाल्यासारखा. "किती वेळा सांगितलं तुला? आईला हाक मारायची नाही. तिला आपलं इथलं ऐकू जात नाही."

बेबीने एक हात पोटावर ठेवला. आत काही हललं नाही. बाळ झोपलं असेल, ती मनात म्हणाली. दुपारचं झोपतं ते... या वेळी नेहमी झोपतं...

कानातली मुलगी गप्प झाली होती. लहान मुलं काहीतरी निरखून बघताना होतात तशी.

"पण आजोबा," ती हळूच म्हणाली, "आज ऐकतेय ती. बघा ना. कानांना काळं काळं काहीतरी लावून बसलीय."

समोरच्या खुर्चीत अण्णांनी डोळे उघडले.

त्यांच्या कानांवर काही नव्हतं, खोलीत कसलाही आवाज नव्हता. त्यांनी मान वळवली. बेबीकडे नाही. तिच्या स्टुलाच्या अगदी शेजारी, तीन-चार वर्षांचं मूल उभं राहिलं तर त्याचा चेहरा जिथे येईल तेवढ्या उंचीवर त्यांची नजर स्थिरावली. ओळखीचं, दटावणारं हसू त्यांच्या चेहऱ्यावर आलं, आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बघा, काकांना बरोबर कळतं," शूटिंगवाला मशीनवरून मान न उचलता पुटपुटला. "मॅडम, तुम्ही तेवढ्या हलू नका. अजून अर्धं मिनिट."