डावीकडचं पाणी

सुकाणू नसलेली बोट कालव्यातून न्यायची तर दोन माणसं लागतात. एकाने काठावरून दोर ओढायचा, दुसऱ्याने बोटीच्या पुढच्या टोकावर लांब बांबू घेऊन उभं राहायचं. दोर काठावरून ओढला जातो, त्यामुळे बोट सारखी काठाकडे तोंड घालते. तिला बांबूने रेटून पुन्हा मध्यावर आणायचं. इंजिनाचा काही उपयोग नसतो. चालू केलं की बोट स्वतःभोवतीच गिरकी घेते. यातलं काहीही मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. मी पंप दुरुस्त करते, बोटी नाही.

बोट सासऱ्यांची. कालव्यावर त्यांना सगळे कप्तान म्हणायचे, घरात आम्ही बाबा. आयुष्यभर त्यांनी मालाच्या बोटी चालवल्या आणि सासूबाई गेल्यावर घर आमच्या हवाली करून ते बोटीवरच राहायला गेले. जमिनीवर झोप लागत नाही म्हणे. मी भांडायचे. ओली लाकडं, दमट बिछाना, आणि हे वय! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते यांच्याकडे बघूनच म्हटलं असावं. पण खरं सांगायचं तर माझे वडील मी शाळेत जायच्या आधीच गेले. ज्याच्याशी हक्काने भांडावं असा म्हातारा मला मिळाला तो या घरातच, आणि तो मला फार हवा होता.

आदल्या दिवशी बोट पाण्याखालच्या ओंडक्यावर आपटली आणि सुकाणू बिजागरीसकट तुटून तळाला गेलं. ते काय झालंय बघायला आम्ही सकाळी गेलो, तर बाबा बिछान्यात पडलेले. ओठ निळसर, एका वाक्याला तीनदा श्वास. तिथवर गाडीरस्ता नव्हता. काठची पायवाट ठिकठिकाणी खचलेली, एका वेळी एकच माणूस जेमतेम जाईल अशी. तिथून स्ट्रेचर कसं नेणार? फोनवरची बाई म्हणाली, पंपघराच्या पुलापर्यंत आणा, रुग्णवाहिका तिथे उभी असेल. आणि लवकर आणा.

"मी सांगतो... तसं करा," बाबा म्हणाले. "खिडकीतून... भिंत दिसते. तेवढं पुरे."

"तुम्ही गप्प पडून राहा बघू," मी म्हणाले.

"गप्प राहिलो तर... हा ठोकेल बोट. लहानपणापासून... धांदरट."

नवरा हसला. त्याला रडू येत होतं, हे मला दिसत होतं. तो अगदी नाकासमोर चालणारा माणूस. वडिलांचा शब्द त्याने जन्मात कधी खाली पडू दिला नव्हता. शिंकायचं असलं तरी हा बाबांना विचारून शिंकेल, असं मी त्याला चिडवायचे. तो बांबू घेऊन पुढे उभा राहिला, मी दोर खांद्यावरून घेतला, पाठ बोटीकडे केली आणि पुढे वाकून चालायला लागले.

सुरुवातीला जड गेलं. दोर खांद्यात रुतत होता. पाण्यावर शेवाळाचा पातळ थर होता, हवा पडलेली, काठावरच्या गोदामांच्या खिडक्या फुटलेल्या. मागून बाबांचा आवाज यायचा, तुटक तुटक. "उजवं... दाब." मग बांबू दगडावर घासल्याचा आवाज. "आता... सोड." प्रत्येक वेळी दोर जरासा सैलावायचा आणि पुन्हा ताठ व्हायचा. मला त्याची सवय झाली. मागे वळून बघण्याची गरज नव्हती. बोट कुठे आहे ते दोरावरून कळत होतं.

पहिला पूल मागे पडला आणि ओझं हलकं झालं. बोट एकदा हलली की सोपी जाते असं ऐकलं होतं, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. बाबांचा आवाजही मोकळा झाला होता. धाप लागत नव्हती. बोट चालायला लागल्याने बरं वाटत असेल, मी म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी न थांबता ओरडले, "बाबा, आता जरा आवाज कमी! सगळ्या कालव्याला जाग येईल!"

ते हसले. खणखणीत हसले. इतकं तरुण हसणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "डाव्या हाताला कोळशाचा धक्का आहे. लांब ठेव."

मी डावीकडे बघितलं. समोरच्या काठावर नव्या इमारतींच्या मागच्या बाजू होत्या, गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. कोळशाचा धक्का कधीकाळी होता खरा. त्याच्या गोष्टी बाबाच सांगायचे. दुखण्यात माणूस जुनं बोलतो, त्यात नवल नाही. नवल पुढे वाटलं. नवऱ्याने डावीकडे बांबू टेकवून रेटल्याचं मला ऐकू आलं. तिकडे नुसतं पाणी होतं, पुरुषभर खोल. आणि बांबू लाकडावर आपटला. पोकळ लाकडावर, ठक्कन.

"कशावर लागला रे?" मी विचारलं.

"धक्क्यावर," तो म्हणाला.

मी चालत राहिले. थांबून चौकशी करण्याएवढा वेळ नव्हता. पंपघराचं धुराडं लांबवर दिसायला लागलं होतं, त्याच्या पायथ्याशी पूल, पुलावर पांढरी गाडी. ती बघून माझ्या जिवात जीव आला. दोर आता ओढावाही लागत नव्हता, तो मागे सैल लोंबत होता. बोट माझ्या मागोमाग आपणहून येत होती. कालव्याचं पाणी तर जागचं हलत नाही.

उजवीकडे, माझ्या बाजूला, बांधकाम खात्याचे जुने लोखंडी खुंट होते. डावीकडे विटांची उंच भिंत. त्या भिंतीत एक कमान दिसायची, नव्या विटांनी बुजवलेली. तिथून पूर्वी कालव्याचा एक फाटा निघायचा. माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीच तो मातीने भरून टाकला. आता त्याच्यावर शाळेचं मैदान आहे. तिथला पंप मीच बसवलाय, खाली माती आणि मुरूम आहे हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

"डावीकडे घे," बाबा म्हणाले.

"घेतो," नवरा म्हणाला.

दोर ताठ झाला. आणि त्याची ओढ बदलली. सरळ मागे ओढणारा दोर आता मला आडवा, पाण्याकडे खेचत होता.

मी वळून बघितलं.

कालवा रिकामा होता.

दोर माझ्या खांद्यावरून निघून पाण्यावरून तिरका पलीकडे गेला होता आणि त्या बुजवलेल्या कमानीत, विटांत शिरला होता. भोक नव्हतं, फट नव्हती. जिथे दोर संपत होता तिथे वीट सुरू होत होती.

तो पुढे सरकत होता. हळूहळू, हातहातभर, भिंतीच्या आत.

मी धावत जाऊन खुंटाला त्याचे वेढे घातले. दोर करकरला आणि थांबला. मी नवऱ्याला हाक मारली. पुन्हा मारली. भिंतीपलीकडून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज आला, पुष्कळ माणसांची चाहूल आली, कोणीतरी सामान फळीवर ठेवल्यासारखं वाजलं. कोळशाच्या धुराचा वास आला.

"थांब गं जरा," नवऱ्याचा आवाज, अगदी शांत. "बाबा उतरतायत."

"त्यांना उतरू देऊ नकोस!" मी ओरडले. "ऐकतोयस का? धर त्यांना!"

वेढ्यांतला दोर पुन्हा करकरला.

मी वेढे सोडले, दोर खांद्यावर घेतला, पाठ फिरवली आणि ओढलं. डोळे मिटून, दात आवळून, होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं. पाय घसरले, गुडघे फुटले. मी रांगत ओढलं.

मग दोर एकदम सैल पडला.

मागे बघितलं तर बोट कालव्याच्या मधोमध होती, शेवाळ फाटून तिच्या दोन्ही बाजूंना झालेलं. नवरा पुढच्या टोकावर बांबू धरून उभा होता. मी दोराने ती काठाला आणली आणि उडी मारून तिच्यातल्या खोलीत शिरले. बिछान्यावर पांघरूण नीट घडी करून ठेवलं होतं. उशी गरम होती. ज्या माणसाला कूस बदलता येत नव्हती, त्याच्या चपला जागेवर नव्हत्या.

पुढे काय व्हायचं ते झालं. पाणबुडे आले, गळ टाकले, त्या पट्ट्यातलं पाणीही उतरवून बघितलं. सुकाणू सापडलं, बाबा सापडले नाहीत. शाळेच्या मैदानात खणा म्हणून मी कोणाकोणाच्या हातापाया पडले, ते आठवलं की आजही लाज वाटते, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा पडेन. तोल जाऊन पाण्यात गेले असावेत, असं ठरलं. नवऱ्याने सगळ्यांना एकच सांगितलं, मी पुढे बघत होतो. मलाही तेच सांगितलं. मी रात्रंदिवस त्याच्या मागे लागले, पण त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मग मी विचारणंच सोडलं. मला बाबांची आठवण आली की मी पंपांना शिव्या द्यायचे आणि रडायचे.

परवा दुपारी आम्ही दोघं वाळलेल्या चादरी घड्या करत होतो. चादरीची दोन टोकं त्याच्या हातात, दोन माझ्या.

"चांगले होते गं लोक," तो एकाएकी म्हणाला. "बाबांना हात देऊन उतरवून घेतलं. सगळे ओळखीचे होते त्यांच्या."

मी माझी टोकं झटकून सरळ केली. बोलले असते तर तो थांबला असता.

"मलाही उतर म्हणाले. उतरतच होतो. तेवढ्यात तू ओढलंस." त्याने टोकाला टोक जुळवलं. "तेव्हा त्यांनी विचारलं, दोर कोणाच्या हातात आहे?"

"मग?"

"मग काय, मी तुझं नाव सांगितलं."

मी चादर घट्ट धरून उभी राहिले. त्याने हलकेच ती माझ्या हातून सोडवून घेतली.

"माहेरचं नावही विचारलं त्यांनी, तुझ्या वडिलांचं," तो म्हणाला.