शेवटची पानं कुणी पळवली?

"अरे, याला शेवटच नाही!"

विशाखा एवढ्या जोरात ओरडली, की वाचनालयाच्या शैलाताईंनी चष्म्यावरून डोळे वटारले. चिन्मय आणि त्याची धाकटी बहीण मनस्विनी धावतच आले. मे महिन्याच्या सुट्टीत या तिघांनी एकच काम हाती घेतलं होतं. औरंगपुऱ्यातल्या या वाचनालयातली भुतांची, हडळींची, पछाडलेल्या बंगल्यांची सगळी पुस्तकं संपवायची आणि दुपारी चिन्मयच्या घरी, तोंडाशी उशी धरून तसलेच सिनेमे बघायचे! त्यात विशाखा सगळ्यांत वेडी. भीतीनं पोटात गोळा आला, की तिला कोण आनंद व्हायचा!

"पुस्तक आत्ता तर उचललंस. शेवट नाही हे कसं कळलं बे?" चिन्मयनं विचारलं.

विशाखा गोरीमोरी झाली. कपाटामागं लपून ती आधी शेवटचं पान वाचायची, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. कोण जिवंत राहतं ते कळल्याशिवाय तिचा पुढं जायचा धीरच होत नसे!

"ते सोड! बाकीची बघा आधी!"

तिघांनी कपाट पालथं घातलं. सात पुस्तकांची शेवटची पानं गायब! आणि सातही भुतांची!

"मला माहितीये कोण ते," विशाखा म्हणाली. "गोकुळकाका! मी त्यांना पाहिलंय. कपाटामागं उभं राहून पुस्तक मागून उघडतात आणि कुणी आलं की पटकन ठेवून देतात."

गोकुळकाका म्हणजे वाचनालयाचे शिपाई. बोलणं कमी, भुवया जाड.

"सिनेमातल्या बंगल्याचा चौकीदार अगदी अस्साच असतो!" मनस्विनी म्हणाली.

शैलाताईंनी ते ऐकलं. त्यांनी ना चौकशी केली, ना पुस्तकं पाहिली. "गोकुळ, उद्यापासून येऊ नका," एवढंच म्हणाल्या.

"मी कशाला फाडू, ताई?" गोकुळकाकांनी विचारलं. मग किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचं स्टूल रिकामं होतं. विशाखाच्या पोटात गोळा आला, पण हा गोळा तिला मुळीच आवडला नाही. तिनं पाहिलं होतं तरी काय? कपाटामागं शेवटचं पान वाचणारा माणूस! ती स्वतः दुसरं काय करत होती? तिनं रडत रडत दोघांना सगळं सांगून टाकलं.

"इतक्या गोष्टी वाचल्या मी! ज्याच्यावर पहिल्यांदा संशय येतो, तो कधीच खरा गुन्हेगार नसतो. तरी मी त्यांचंच नाव घेतलं!"

"मग रडतेस काय? खरा शोधू!" चिन्मय म्हणाला.

मनस्विनीनं एक पुस्तक नाकाला लावलं. "याला कसला वास येतोय? सातही पुस्तकांना येतोय!"

"खळीचा! पुस्तकं चिकटवायच्या खळीचा!" विशाखा उडालीच. "पुठ्ठे नवे आहेत, बघा! भुतांचीच पुस्तकं सगळे जास्त वाचतात, म्हणून तीच खिळखिळी होतात, म्हणून तीच बाइंडिंगला जातात!"

तिघं पळतच मागच्या गल्लीत बाइंडर काकासाहेबांच्या दुकानात पोहोचले.

"आमच्या हातनं एक पान हरवायचं नाय!" काकासाहेब गुरगुरले. त्यांच्या मागं जुना कूलर घरघरत होता. विशाखाची नजर त्याच्या पायाकडं गेली. तोल सांभाळायला पायाखाली सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा घातला होता. ती गुडघ्यांवर बसली. वरचं पान तिला पाठ होतं. गेल्या दिवाळीत तिनं तेच सगळ्यांत आधी वाचलं होतं!

"हे आमचे शेवट!"

काकासाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! मागची पानं लई फाटली व्हती. म्हटलं आधी चिकटवू, मग शिवू. कूलर हलाया लागला अन् घाईत मीच ती खाली सरकवली, अन् पार इसरलो! पण मला सांगा, बाकी पुस्तक धड अन् मागचीच पानं चिंध्या? लोकं मागनं वाचतात का काय?"

विशाखानं गठ्ठा उचलून छातीशी धरला.

पानं फाटकी आणि ओलसर होती, पण एकही हरवलं नव्हतं. शैलाताईंनी फोन करून गोकुळकाकांना बोलावलं, हात जोडून माफी मागितली आणि मुलांकडं वळल्या. "शाब्बास रे! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. रविवारी सगळ्या सभासदांसमोर तुमचा सत्कार करू!"

चिन्मय आणि मनस्विनी खुलले. विशाखा मात्र पुढं झाली.

"मला सत्कार नको, ताई. काकांचं नाव मीच घेतलं होतं. आणि काका, ती पानं फाडणाऱ्यांत मीपण आहे. मीही शेवट आधी वाचते."

गोकुळकाकांनी तिच्याकडं पाहिलं.

"काल माझी पोरगी इचारत व्हती, बाबा, खरंच तुम्ही पानं फाडली का?"

विशाखाच्या डोळ्यांत पाणी आलं. काका 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या किल्ल्या कमरेला लावल्या, एक पुस्तक काढलं आणि स्टुलाशेजारी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"मला बी लई भ्या वाटतं, पोरी. शेवट कळल्याबिगर मला बी वाचवत नाय. बस इथं. आज दोघं मिळून पयल्या पानापासनं वाचू."

विशाखानं पहिलं पान उघडलं. शेवट काय आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.