शेपटाच्या मागे

मी काही फार खरं बोलणारी बाई नाही. दुकानात दिवसातून दहा वेळा म्हणते, "ही फ्रेम तुम्हाला फार शोभते हो." पोटासाठी बोलावं लागतं. पण आता जे लिहितेय त्यातलं अक्षरही पदरचं नाही. माझ्या बाबतीत घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. वरची ओळ वाचा, आता दिसतं का, आता? माझ्या स्वतःच्या डोळ्यांना नंबर नाही. हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढचं वाचून कोणीतरी म्हणणारच, बाईला नीट दिसलं नसेल.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. सकाळचे सहा.

आमच्याकडे धावणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. दरवर्षी आम्ही दहा किलोमीटरची रेस ठेवतो. फार मोठं काही नाही, दोनअडीचशे माणसं. मैदानातून सुटायचं, कालव्याच्या रस्त्याने जायचं, गोदामांना वळसा घालून परत मैदानात.

रेसमध्ये सगळ्यांच्या मागे आमचा एक माणूस चालतो. त्याला पिवळं जाकीट देतात. बाकीचे काय म्हणतात माहीत नाही, आम्ही त्याला शेपूट म्हणतो.

शेपटाचं काम सोपं असतं. शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं. तो पळाला तर पळायचं, तो रस्त्यात फतकल मारून बसला तर शेजारी उभं राहायचं. त्याला ओलांडून पुढे जायचं नाही. कारण शेपूट गेलं की मागचं सगळं आवरतात. पाण्याची टेबलं, बोर्ड, सगळं. शेपटाच्या मागे कोणी नाही, यावर सगळ्यांचा भरवसा असतो.

त्या वर्षी मी शेपूट झाले. दादासाठी.

दादा माझा मोठा भाऊ. बावन्न वर्षांचा, एका छापखान्यात प्रूफं तपासतो. चौदा महिन्यांपूर्वी त्याचं बायपास झालं होतं. त्याआधी तो ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पुढे असायचा, आणि तसं ऐकवायचाही. आता डॉक्टरांनी फक्त चालायची परवानगी दिली होती. तेवढ्यावर हा रेसमध्ये नाव देऊन मोकळा.

वहिनी मला म्हणाली, "तू त्याच्या मागे राहणार असशील तर सोडते. नाहीतर रेस गेली खड्ड्यात."

म्हटलं, "वहिनी, डोळ्यांत तेल घालून बघेन."

असं बोलले होते मी.

त्या दिवशी धुकं होतं. म्हणजे किती, तर मैदानातली हवेची कमान फुगवली होती आणि तिच्याखाली उभं राहूनही वरचा भाग दिसत नव्हता. शिट्टी वाजली. माणसं धुक्यात गेली. दोन मिनिटांत पुढे फक्त दादा, आणि मागे मी.

पहिले दोन किलोमीटर आम्ही बोलत गेलो. मग तो वैतागला.

"तू सासूसारखी मागे लागू नकोस गं. जरा लांब राहा."

"वहिनीने सांगितलंय."

"वहिनी घरी आहे. पन्नास पावलं सोड. माणसाला श्वास तरी घेऊ दे."

मी हसले आणि पन्नास पावलं सोडली. तिथेच माती खाल्ली.

तो दिसेनासा झाला. पण त्याच्या बुटांचा आवाज येत होता. फट, फट, फट. आवाज येतोय तोवर ठीक आहे, असं मी ठरवलं.

पाचव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं. तिथे कॉलेजच्या दोन मुली थंडीने गारठून उभ्या होत्या. एकीने विचारलं, "तुमच्या मागे अजून कोणी?"

"कोणी नाही. आवरा."

"दादा आत्ताच गेले. केळंसुद्धा घेतलं नाही त्यांनी."

"त्याला घाई आहे," मी म्हटलं. मुली हसल्या आणि पेले गोळा करायला लागल्या.

टेबलाच्या पुढे कालव्याचा रस्ता सुरू होतो. एका बाजूला तारेचं कुंपण आणि खाली पाणी. दुसऱ्या बाजूला गोदामांची लांबच लांब भिंत, दोन पुरुष उंच. मध्ये कुठेही वळण नाही, फाटक नाही. एकदा आत शिरलं की दोन किलोमीटर संपेपर्यंत त्याच रस्त्यावर.

मी शंभरेक पावलं आत गेले असेन...

आणि मागून पावलं ऐकू आली.

मला वाटलं भिंतीवरून माझाच आवाज येतोय. मी थांबले.

पावलं दोन टाकून थांबली.

मी मागे वळून म्हटलं, "कोण आहे? टेबलवाल्या मुली का गं?"

नुसतं पांढरं.

परत चालायला लागले. ती परत सुरू झाली. माझ्यापेक्षा जड. एकसारखी. घाई नाही, थकवा नाही.

आता इथे शेपटाची पंचाईत समजून घ्या. मागे कोणी असेल तर मी शेपूटच नाही. मी थांबायला हवं, त्याला पुढे घ्यायला हवं. पण मी थांबले की दादा लांब जाणार. कान दिला, तर त्याचे बूट अजून वाजत होते. बारीक.

किलोमीटरचा सहा नंबरचा बोर्ड आला तेव्हा मी मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणजे आमच्या ग्रुपचे म्होरके, आयुष्यभर शाळेत खेळ शिकवलेले.

"सहाच्या बोर्डापाशी आहे. मागे कोणीतरी आहे, पण पुढे येत नाही."

"लाजत असेल. शेवटचं यायची लाज वाटते लोकांना," मास्तर म्हणाले. "त्याला म्हणावं पुढे हो. शेपटाच्या मागे कोणाला ठेवायचं नाही."

मी रस्त्याच्या कडेला झाले. चांगल्या आवाजात म्हटलं, "या, पुढे व्हा. मी सगळ्यांच्या मागे असते. माझं कामच आहे ते."

वाट बघितली. घड्याळात तीन मिनिटं गेली.

काही हललं नाही. पण तिथे कोणीतरी उभं होतं. आपण लाईनीत असताना मागचा माणूस न बघता कळतो ना, तसं कळत होतं.

आणि मग लक्षात आलं... पुढचा आवाज बंद झालाय.

दादाचे बूट ऐकू येत नव्हते.

त्याला फोन लावला. फोन माझ्याच कमरेच्या पट्ट्यात वाजला. सुटताना त्यानेच सांभाळायला दिला होता.

मी पळत सुटले. शेपूटपण गेलं चुलीत. मागची पावलंही पळायला लागली. मी जेवढी जोरात, तेवढीच ती. अंतर कमी नाही, जास्त नाही. दम लागेपर्यंत पळाले, आणि धुक्यातून बोर्ड आला.

सहा.

पुठ्ठ्यावर लाल रंगात. मघाचाच. खालचा कोपरा फाटलेला होता, तो मी फोनवर बोलताना बघितला होता.

म्हटलं, गोंधळले असेन. भीतीने होतं माणसाचं असं. परत चालले, या वेळी एक हात भिंतीला लावून. भिंत सलग होती. घड्याळातला किलोमीटरचा आकडा वाढत होता. साडेसात. पावणेआठ. आठ.

आणि समोर... सहा.

मग मी उलटी फिरले. म्हटलं टेबलापाशी जाते, मुली असतील, चार माणसं असतील. डोळे मिटून घेतले, भिंतीला हात लावून चालले. मागचा जो कोणी होता त्याला मी धडकायला हवी होती. धडकले नाही. उलट पावलं परत माझ्या मागेच आली. डोळे उघडले तेव्हा सहाचा बोर्ड समोर होता, माझ्याकडे तोंड करून.

मी त्या बोर्डाखाली बसले. खरं सांगते, मला रडू फुटलं. पुढे जाऊन उपयोग नाही, मागे जाऊन उपयोग नाही. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तार. मास्तरांना परत फोन लावला, तर नुसता श्वासाचा आवाज आला. सावकाश. चालणाऱ्या माणसाचा.

तो फोनमधून येत नव्हता. माझ्या मानेमागून येत होता.

यापुढे मी जे केलं ते आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

मला घरी जायचं होतं. बाकी काही डोक्यात नव्हतं. दादा नव्हता, वहिनी नव्हती. मी जमिनीकडे बघत म्हटलं...

"पुढे माझा भाऊ आहे. तो शेवटचा आहे. त्याच्या मागे जा. मला सोड."

श्वास थांबला.

मग जाकिटाची सळसळ झाली. डाव्या हाताने, अगदी अंगाला लागून, कोणीतरी गेलं. मी मान खाली घातली होती तरी रस्ता दिसत होता. पाय दिसायला हवे होते. दिसले नाहीत.

वर बघितलं तेव्हा धुक्यात एक पाठ चालली होती. पिवळी. माझ्यासारखंच जाकीट, पण खूप जुनं, धुऊन धुऊन रंग गेलेलं. ती पाठ दादा गेला त्या दिशेने गेली.

दहा मिनिटांत मला सातचा बोर्ड लागला.

तिथून मी किती पळाले ते माझे गुडघेच जाणतात. पिवळं परत दिसलं नाही. मैदानात पोचले तर कमानीतली हवा काढून झाली होती. चौघेजण तिची घडी घालत होते.

दादा उभा होता. गळ्यात मेडल, हातात चहा. धडधाकट.

मी त्याला मिठी मारली. तो म्हणाला, "अगं, हे काय? आत्ता तर बरोबर आलो आपण."

"बरोबर?"

"शेवटचे तीन किलोमीटर तू किती जवळ चालत होतीस. म्हटलं, हिला राहवत नाही. पण बोलत का नव्हतीस? रुसली होतीस का?"

मास्तर हसत म्हणाले, "तुझं जाकीट बघितलं म्हणून तर कमान उतरवली. मग परत कुठे गायब झालीस?"

मी म्हटलं, "पाणी प्यायला."

चार दिवसांनी मास्तरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की ग्रुपकडे शेपटाची जाकिटं किती आहेत. एकच आहे, म्हणाले. पहिल्या रेसपासून तेच. तू धुऊन परत दे म्हणजे झालं.

दादा त्यानंतर रोज चालायला लागला. खूश होता. म्हणायचा, हल्ली एकटं वाटत नाही. वहिनी सगळ्यांना सांगायची, नणंदेने हात धरला म्हणून हा माणसात आला. मी मान डोलवायचे.

मग वहिनीचे फोन यायला लागले. हा बसत नाही गं, म्हणाली. जेवतो उभ्याने. छापखान्यात प्रूफं उभ्याने वाचतो. टीव्ही बघताना हॉलमध्ये फेऱ्या मारतो. सारखा, घरातल्या घरातही बूट घालून. पाय सुजलेत, पण ऐकत नाही.

डॉक्टरांनी तपासलं. हृदय थकतंय, म्हणाले, यांना सक्तीची विश्रांती द्या. देणार कशी?

मागच्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेले. खुर्ची पुढे ओढून म्हटलं, "दादा, माझ्यासाठी जरा टेक ना. दोनच मिनिटं."

त्याने खुर्चीकडे बघितलं. मग मान वळवून स्वतःच्या पाठीमागे बघितलं, आपण एखाद्याची परवानगी घेतो तसं. तिथे भिंत होती. भिंतीवर कॅलेंडर.

"नको गं," तो म्हणाला. "मी बसलो की मागचा माणूस खोळंबतो."

मी त्याला सांगायला हवं होतं. मी खुर्ची परत जागेवर ठेवली.

रोज सकाळी दुकानात जायच्या आधी मी कालव्याच्या रस्त्यावर जाते. सहाच्या जागी उभी राहते. म्हणते, मी चुकले. त्याला सोड, परत माझ्या मागे ये. मग चालून बघते. थांबते. कान देते.

मागे काही वाजत नाही. एकदाही नाही.

आज रविवार. दुकानाला सुट्टी आहे म्हणून हे लिहायला बसले. आत्ता वहिनीचा फोन येऊन गेला. दादा सकाळी सहाला बाहेर पडलाय आणि अकरा वाजले तरी परतलेला नाही. फोन घरीच ठेवून गेलाय. तिने एवढंच विचारलं, "तू आहेस ना गं त्याच्या मागे?"

मी हो म्हटलं.

आता बूट घालतेय.