ठिपका नसलेला स्टिरिओ

“मिस्त्री कुठंय?”

मी काउंटरखाली सांडलेले स्क्रू वेचत होते. मान वर केली, तर दारात एक भिजलेला तरुण. हातात हेल्मेट, कपाळाला चिकटलेले केस.

“समोरच आहे,” मी म्हणाले.

“नाय, म्हणजे... रेडिओ दुरुस्त करणारे?”

“तेच सांगतेय. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. सध्या मिस्त्री मीच. पटत नसेल तर कॅम्पात दुसरं दुकान शोधा.”

माझी जीभ ही अशी. आई म्हणते, या जिभेनंच तुझं लग्न लांबलंय. पण तो चक्क हसला. “पटलं की! चला मिस्त्री, ऐकवतो.”

९९ सालचा श्रावण होता. बाहेर भुरभुर चालू होती. त्याच्या मोटारसायकलला हँडलपुढं काळा फायबरचा डबा होता, त्यात स्टिरिओ, दोन्ही बाजूंना स्पीकर. कडा इतक्या सफाईनं घासलेल्या, की माझं बोट आपोआप त्यावरून फिरलं.

“मीच बनवलाय,” तो घाईनं म्हणाला. “ज्ञानेश. अंबडला कंपनीत हाय, गाव विंचूरकडं.”

त्यानं किक मारली. गाणं सुरू झालं आणि त्याच्यामागून टक-टक-टक-टक... गाडी रेस केली की टर्रर्र! आमच्या लष्करी कॅम्पात तोफांचा सराव चालला तरी कुणाच्या कपातला चहा हलत नाही, पण या टकटकीनं माझं डोकं उठलं.

मी खिशातला छोटा रेडिओ काढून इंजिनाजवळ धरला. ना वायर, ना जोड, तरी रेडिओसुद्धा प्लगजवळ तस्साच टकटकायला लागला. म्हणजे दोष डब्यात नव्हता. प्लगमध्ये ठिणगी पडते, तिचा आवाज हवेतून स्टिरिओत शिरत होता. प्लगवरची साधी टोपी काढायची आणि आत आवाज दाबणारा रेझिस्टर असलेली बसवायची. दोन मिनिटांचं काम. तशी टोपी माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेली होती.

“सापडलं का मिस्त्री?” त्यानं वाकून विचारलं. भुवईवरचा थेंब ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला... आणि मी म्हणाले,

“बघावं लागेल. आज बॅटरीपासून वेगळी वायर टाकते. पुढच्या आठवड्यात या.”

का म्हणाले? अहो, माहीत असतं तर म्हणाले असते का!

तो आला. मी कंडेन्सर बसवला. टकटक जराशी दबली. परत आला, मी अर्थिंग बदललं. चौथ्या खेपेला वायरींना जाळीचं कव्हर घातलं. यातलं काहीच फुकट नव्हतं, थोडाथोडा फरक पडत होता. पण खरी टोपी ड्रॉवरमध्येच राहिली.

“मिस्त्री, तुमच्या हाताला यश नाय दिसत,” तो स्टुलावर बसून चहा पीत म्हणायचा.

“तुमच्या गाडीलाच तोंड फार आहे. मालकासारखं.”

“मालक कुठं बोलतो? लय वेळ गप्पच बसलेला असतो...”

“बसलेला असतो, एवढं मात्र खरं.”

अशी आमची बोलणी. तो गेला की दुकान मोठं वाटायचं. आणि आपण लबाडी करतोय, याची टोचणीही तेव्हाच लागायची.

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. काम पुरं झालं की शेवटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. ठिपका म्हणजे बाबांचा शब्द. ज्ञानेशच्या डब्यावर मी ठिपका लावला नव्हता. तेवढी लाज शिल्लक होती.

पाचव्या खेपेला, नेहमीप्रमाणे गुरुवारी, तो चहाला नको म्हणाला.

“कंपनी मला सिल्वासाला पाठवतीय. एक तारखेला हजर व्हायचंय.”

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

“एकच वाट हाय. नाशकातले गोरक्षशेठ, त्यांचं गाड्यांचं शोरूम हाय. डबा पसंत पडला तर नव्या गाड्यांना माझेच डबे बसवणार. मग नोकरी सोडून इथंच राहीन. शनिवारी बारा वाजता ऐकायला येणारेत. पण ही टकटक...”

“शनिवारी नऊला आणा,” मी कशीबशी म्हणाले. “शेवटचं काम राहिलंय. नक्की जाईल.”

शनिवारी नऊ वाजले, साडेनऊ वाजले. तो नाही. मग फोन वाजला.

“मिस्त्री, शेठ दहालाच येतायत. माझी खोली, अंबड नाक्याजवळ, पाण्याच्या टाकीमागं... तिथंच. आता तिकडं येणं जमत नाय. थोडासाच आवाज हाय ना? चालून जाईल ना?”

मी काही सांगायच्या आत फोन कट झाला.

मागं बाबा खुर्चीत बसले होते, डोळ्यांना काळा चष्मा. “दीपमाला,” ते शांतपणे म्हणाले, “पाच वेळा ती गाडी दारात सुरू झाली. डोळे झाकलेत माझे, कान नाही. प्लगची टोपी का नाही बदललीस?”

“बदलली असती तर तो आला नसता बाबा.”

बाबांनी चाचपडत ड्रॉवर उघडला आणि टोपी माझ्या तळहातावर ठेवली. “जा. आणि खरं सांगून लाव. नाहीतर ठिपका लावू नकोस.”

रिक्षात बसले. नाशिकरोडच्या पुलाखाली ट्रक अडकलेला. दहा वाजले. सव्वादहा... मुठीत टोपी घामानं चिकट झाली. मी सिल्वासाचा नकाशा डोळ्यांपुढं आणत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते.

पोचले तेव्हा गोरक्षशेठ गाडीशेजारी उभे होते, कपाळाला आठी. ज्ञानेशचा चेहरा उतरलेला. टक-टक-टक...

“डबा दिसायला छान आहे हो,” शेठ म्हणत होते, “पण असला आवाज गिऱ्हाईक माझ्या नावानं खपवून घेईल का?”

“दोन मिनिटं थांबा,” मी धापा टाकत म्हणाले. प्लगची जुनी टोपी उपटली, नवी दाबून बसवली. “मारा किक.”

गाणं सुरू झालं. नुसतं गाणं. ज्ञानेशनं रेस वाढवली, तरी फक्त गाणंच.

शेठ मात्र हलेनात. “पाच खेपा झाल्या म्हणे. मग आज दोन मिनिटांत कसा गेला? उद्या परत आला तर? डब्यातच खोट असणार.”

आता गप्प राहिले असते, तर त्याचा डबा बदनाम झाला असता.

“खोट डब्यात नाही,” मी म्हणाले. “माझ्यात होती. पहिल्याच दिवशी दोष कळला होता. मी मुद्दाम टोपी बसवली नाही.”

“मुद्दाम? का?”

मी ज्ञानेशकडं पाहिलं. “काम संपलं असतं... मग हे आले नसते.”

शेठ खोकले, रुमाल काढला, उगाच आकाशाकडं बघितलं. “हं... पहिले दहा डबे दिवाळीआधी द्या,” एवढंच बोलून निघाले.

मी पर्समधून नेलपॉलिश काढून स्क्रूवर ठिपका लावला. ज्ञानेश तो ठिपका बघत राहिला. माझ्याकडं नाही.

“माझी नोकरी, माझं गाव, सगळं टांगणीला होतं,” तो हळू म्हणाला. “धन्यवाद मॅडम.”

मॅडम! त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं. परतताना बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडले.

आठवडा गेला. दुसराही गेला. दारात कुठलीही मोटारसायकल थांबली की मी उठायची आणि परत बसायची. बाबांना ते ऐकू येत होतं.

तिसऱ्या गुरुवारी बाहेर गाणं वाजलं. स्वच्छ, एक टक नाही. मी उठले नाही. घाबरले होते.

तो आत येऊन स्टुलावर बसला. हेल्मेट मांडीवर.

“काय बिघडलंय?” मी खालमानेनं विचारलं.

“काय नाय.”

“मग?”

“लय राग आला होता. अजून थोडा हाय.” तो थांबला. “पण दर गुरुवारी गाडी इकडंच वळायची, मी नाक्यावरनं परत फिरवायचो. आज नाय फिरवली. म्हटलं, काही बिघडलेलं नसताना आलो... तर चालंल का मिस्त्री?”

मी होकारार्थी मान हलवली.

मागून बाबांचा आवाज आला. “दीपमाला, चहा ठेव. आणि त्यांना सांग, आमच्याकडे यायला गाडी बिघडावी लागत नाही.”