ब्रेक लावला होता

बाई आत आली, पण खुर्चीवर बसली नाही.

"उद्या सकाळी पाटी लागणार. डॉक्टरांनी हात टेकलेत. बाबा उद्याचा दिवस बघतील की नाही, देव जाणे. त्याआधी काहीतरी करा हो, वहिनी!"

ती ज्यांच्याकडे आली होती, त्या खासगी तपास करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली वहिनीच म्हणायची, कारण त्यांचे धाकटे दीर दिवसभर 'वहिनी, वहिनी' करत त्यांच्यामागे फिरत. या दिरांना आपोआपच सगळे भावजी म्हणू लागले होते. वहिनी तपास करत. भावजी पिशवी धरत आणि चुकीचे अंदाज बांधत.

उपनगरातली जुनी ट्रामशेड बंद पडून जमाना झाला होता. आता तिथे संग्रहालय होत होतं. शेडचा इतिहास एका भल्यामोठ्या पाटीवर रंगवून तयार होता. घोडे जाऊन वीज कशी आली, ट्राममुळे उपनगर कसं वाढलं, आणि शेवटी तो अपघात. 'चालकाने हातब्रेक न लावल्याने ट्राम घरंगळत शेडबाहेर गेली व सांधेवाला ठार झाला.'

तो चालक म्हणजे या बाईचे वडील.

"पण त्यांनी गुन्हा कबूल केला होता ना?" भावजींनी विचारलं.

"केला होता. तुरुंगातही गेले. मी तेव्हा अंगावर पीत होते. पण आता तापाच्या ग्लानीत सारखं एकच चाललंय. 'ब्रेक लावला होता, ब्रेक लावला होता.' जाता जाता माणूस खोटं कशाला बोलेल?"

"आई काय म्हणते?" वहिनींनी विचारलं.

"ती त्या विषयावर तोंडच उघडत नाही. शेडमध्ये गाड्या झाडायची ती. त्याच दिवशी कुठेतरी घसरून पडली, मनगट मोडलं. अजून वाकडंच आहे. आभाळच फाटलं होतं आमच्यावर."

शेड दाखवायला पाटीवरचा इतिहास लिहिणारे मास्तर स्वतः आले. पांढरेशुभ्र कपडे, आवाज कोरडा.

"पाटीतला एक शब्द बदलणार नाही. तो सांधेवाला माझा बाप होता," ते म्हणाले. "ट्रामचे रूळ बदलायला फाटकाबाहेरच्या उतारावर वाकला होता. जागच्या जागी गेला म्हणतात."

भावजी मागे मागे सरकत थेट मागच्या भिंतीला टेकले आणि घोट्यापर्यंत पाण्यात गेले.

"छप्पर गळतंय का इथे?" ते ओरडले.

"गळतंय ते दारापाशी," मास्तर म्हणाले. "पाणी तिथून इकडे वाहत येतं. गाड्या धुवायचे तेव्हाही इथेच साचायचं."

वहिनी मात्र अपघातातल्या ट्रामपाशी उकिडव्या बसल्या होत्या. चाकाचा एक भाग घासून सपाट झाला होता.

"हे कशाने?"

"त्याच दिवसाचं आहे. त्यानंतर ही गाडी कुणी चालवलीच नाही."

तेव्हाचे फोरमन पलीकडच्याच इमारतीत राहत. ऐकू कमी येई, पण आठवण पक्की.

"कसली चौकशी अन् काय! तो स्वतःच 'मी चुकलो' म्हणाला, संपलं. तापाने फणफणला होता त्या सकाळी. पण मी बजावलं होतं, पुन्हा खाडा केलास तर नोकरी गेली समज. नळावर ओकत होता, मी शेजारीच उभा. तेवढ्यात धडाड् आवाज!"

"ट्रामची चावी कुणाकुणाकडे असायची?"

"त्याची एक आणि माझी एक. चावीशिवाय गाडी वीज घेत नाही. माझी माझ्या कमरेला होती."

"आणि हातब्रेक लावायला जड असतो?"

"जड? मुठीतून सुटला तर दांडा उलटा फिरून मनगट फोडतो. नवख्याला आम्ही पहिल्यांदा तेच सांगायचो."

वहिनींचा चेहरा उतरला. रस्त्यात त्या म्हणाल्या, "भावजी, हे काम मी घ्यायलाच नको होतं."

"म्हणजे फोरमनच ना?" भावजी म्हणाले. "मला वाटलंच होतं."

वहिनी आजाऱ्याच्या घराकडे वळल्या.

आजाऱ्याच्या खोलीत औषधांचा वास कोंडला होता. म्हातारे चालक डोळे मिटून पडले होते. उशाशी त्यांची बायको, पायाशी मुलगी.

"सांगा ना, वहिनी!" मुलगी म्हणाली. "बाबा निर्दोष आहेत ना?"

"आहेत." वहिनी सावकाश बोलू लागल्या. "शेडची जमीन दारापासून आत उतरती आहे. दारातलं पाणी मागच्या भिंतीशी साचतं. ब्रेक लावलेला नसता, तर ट्राम भिंतीकडे गेली असती, बाहेर नाही. म्हणजे ती कुणीतरी विजेवर चालवत बाहेर नेली. त्याला चावी लागते. फोरमनची चावी फोरमनपाशी होती, आणि तो तुझ्या बाबांजवळ उभा होता. मग उरली बाबांची चावी. ते नळावर असताना ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती."

"चोरली कुणी?"

"चोर गाडी सोडून पळाला असता. इथे चालवणाऱ्याने शेवटपर्यंत ब्रेक सोडला नाही. चाक जाम झालं, घासत गेलं, सपाट झालं. आणि दांडा उलटला तेव्हा..."

भावजींची नजर म्हातारीच्या वाकड्या मनगटावर गेली.

"'ब्रेक लावला होता' असं बाबा म्हणतात," वहिनी हलकेच म्हणाल्या. "कुणी लावला होता, ते म्हणत नाहीत."

मुलगी आईकडे बघतच राहिली. "आई? आई, नाही म्हण ना!"

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "यांची नोकरी जाऊ नये म्हणून मी गाडी फाटकापर्यंत आणून ठेवणार होते. यांनीच शिकवलं होतं मला, पहाटे रिकाम्या शेडमध्ये. पण धुकं होतं, रूळ ओले. फाटकाबाहेर उतारावर गाडी ऐकेना." "हे धावत आले, धुक्यात कुणी बघायच्या आत मला खाली ओढलं. म्हणाले, ब्रेक लावायचा मीच विसरलो म्हणून सांगतो, तू तुरुंगात गेलीस तर पोरीला दूध कोण पाजेल? शपथ घातली मला. जन्मभर मी त्या शपथेखाली गुदमरले गं!"

चालकांनी डोळे उघडले होते. ते बायकोकडे बघून मान हलवत होते. नको. नको.

"आता पुरे झालं," ती त्यांना म्हणाली आणि उठली.

मुलगी तिला धरायला धावली नाही. भिंतीशी पाठ लावून खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. मास्तरांच्या दारापर्यंत भावजींनीच म्हातारीला हात दिला.

मास्तरांनी दार उघडलं. म्हातारी उंबऱ्याबाहेरच थांबली.

"तुमच्या वडिलांवर गाडी मी घातली," ती म्हणाली. "यांनी नाही. पाटीवर माझं नाव घाला. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा."

मास्तर दाराची कडी धरून उभे राहिले. संताप चेहऱ्यावर चढला. भावजींना वाटलं, आता हे हिच्या तोंडावर दार आपटणार.

"ते जागच्या जागीच गेले ना?" शेवटी मास्तरांनी विचारलं. "आईला सगळ्यांनी तसंच सांगितलं."

म्हातारी म्हणाली, "नाही हो. थोडे शुद्धीवर होते. मी ट्राममधून माझा मोडलेला हात धरून ओरडत होते. त्यांनी वर बघितलं आणि मला विचारलं, 'पोरी, तुला फार लागलं का?'"

मास्तर दारातच खाली बसले.