फक्त बुडायला शिकवा

त्याला पाण्याखाली दिसेल असा चष्मा हवा होता.

दुकानात मी एकटीच होते. काउंटरमागे काचा पुसत बसले होते आणि समोर हा उंच माणूस येऊन उभा राहिला. केस ओले, शर्टाची कॉलर ओली, आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघतोय. म्हणजे तसं माझ्याकडे नव्हेच... त्याचा नंबर एवढा मोठा होता, की मी त्याला फार तर एक निळा ठिपका दिसत असेन. तरी मला लाजल्यासारखं झालं. आता याला काय म्हणावं!

"पाण्याखाली वाचता काय हो तुम्ही?"

"मुलांचे पाय," तो म्हणाला. "पोहायला शिकवतो मी, पलीकडच्या तलावावर. काल एकाला कितीतरी वेळ ओरडत होतो, अरे पाय हलव, पाय हलव... शेवटी कळलं, तो शिडीचा दांडा होता."

गिऱ्हाइकाला हसायचं नाही, अशी मालकांची सक्त ताकीद आहे. पण हसू काही केल्या आवरलंच नाही.

डोळे तपासायच्या खोलीत मी दिवा मालवला. "हनुवटी इथे टेका. आता सांगा, ही काच बरी की ही?"

"दोन्हींत तुम्ही सारख्याच."

"मला नाही, अक्षरांना बघायचंय."

"अक्षरं काय, रोजच दिसतात..."

आगाऊच होता! मी त्याला मनातल्या मनात 'मास्तर' असं नाव देऊन टाकलं. आठवड्यानं तो नंबरचा गॉगल न्यायला आला. पाकीट त्याच्या हातात देता देता माझ्या तोंडून निघून गेलं, "मला शिकवाल?"

"पोहायला? शिकवू की."

"पोहायला नको. फक्त बुडायला शिकवा."

मास्तर माझ्याकडे बघतच राहिला. बुडायला शिकवा म्हणणारी त्याला बहुधा मी पहिलीच भेटले असेन.

तेव्हा मग सगळं सांगावंच लागलं. आमच्या चर्चच्या मंडळीत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. आधी कळतं व्हायचं, आपला विश्वास आपणच ठरवायचा, सगळ्यांसमोर उभं राहून त्या विश्वासाची साक्ष द्यायची, आणि मग व्यासपीठाखालच्या हौदात उतरायचं. पाणी शिंपडून भागत नाही. डोक्यावरून पाणी गेलं पाहिजे. लहानपणापासून मी पहिल्या बाकावर बसून हे बघत आले आहे. आवाज फुटलेली तरुणसंघाची पोरं, गुडघे धरून पायऱ्या उतरणाऱ्या आज्या, एकदा तर आमच्या गल्लीतला भांडखोर बेकरीवाला! पाण्यातून वर येताना त्या चेहऱ्यांवर जे दिसतं, त्याच्याइतकं सुंदर मी दुसरं काही पाहिलेलं नाही. धाकट्या बहिणीनं सोळाव्या वर्षीच बाप्तिस्मा घेतला. आणि मी? पाणी गळ्याशी आलं की माझा जीव कासावीस होतो. एकदा पायरीवरूनच परतले होते. दुसऱ्यांदा कमरेपर्यंत उतरले आणि ओल्या झग्यासकट, भर उपासनेत, धूम ठोकली. कोणी हसलंसुद्धा नाही. चर्चचे पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "हौद कुठे जात नाही, बेटा."

मास्तरानं सगळं ऐकून घेतलं. "उद्या दुपारी या," तो म्हणाला. "उथळ बाजूला."

दुपारच्या वेळी तो छताखालचा पोहण्याचा तलाव रिकामा असे. धाकटी काठावर पाय सोडून बसायची, पहारा म्हणून, आणि तिथून माझी यथेच्छ टिंगल करायची. मास्तर मात्र कधी हसला नाही. "नुसतं तोंड बुडवा. आता बुडबुडे सोडा. पाण्याला फुंकर घालायची, घाबरवायचं त्याला." पाण्याचं माहीत नाही, पण माझी भीती खरंच थोडी थोडी बिचकायला लागली. एका दुपारी मी अख्खं डोकं पाण्यात घालून वर आले आणि विजयी मुद्रेनं धाकटीकडे बघितलं.

"छानच!" ती म्हणाली. "पण ताई, आपल्यात मागे निजवतात ना गं?"

मी पाण्यात तशीच उभी. जन्मभर बघत आलेली मी, पण मास्तर पुढे वाका म्हणाला आणि मी आपली मुकाट्यानं वाकत राहिले!

"मागे? पाठीवर?" मास्तरानं कपाळावर हात मारला. "आणि इतके दिवस मी तुम्हाला बुडबुडे काढायला लावतोय?"

"जुनं माणूस पुरायचं आणि नवं उठवायचं, म्हणून आडवं करतात," मी पुटपुटले.

तो विचारात पडला. "म्हणजे यात तुम्ही काहीच करायचं नाही. करायचं ते दुसऱ्यानं."

"तेच तर अवघड आहे..."

त्यानं एक तळवा माझ्या मानेमागे धरला, दुसऱ्या हातानं माझे छातीशी धरलेले हात. डोळ्यांवर गॉगल नव्हता, तरी नजर अगदी स्थिर होती.

"सोड," तो म्हणाला. "मी आहे."

त्या क्षणापुरतं अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं. मी सोडलं. छत गेलं, आवाज गेले, कानांत नुसतं गार गार पाणी... आणि लगेच वर. खोकत, डोळे चोळत मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो एवढा आनंदला होता, जणू बुडून वर तोच आला होता. आपलं या माणसावर प्रेम बसलंय, हे मला तिथेच, नाकातलं पाणी शिंकरता शिंकरता कळलं. काय पण मुहूर्त!

तोवर तो दर रविवारी चर्चमध्ये येऊ लागला होता. शेवटच्या बाकावर बसायचा. कोणी साक्ष द्यायला उभं राहिलं की पुढे वाकून ऐकायचा. म्हणूनच, माझ्या बाप्तिस्म्याचा रविवार ठरला तेव्हा, तलावाच्या काठावर मी सहज म्हटलं, "रविवारी तुम्हीच धरा ना मला. पाळकसाहेबांना मदतीला एक जण लागतोच. फक्त तो बाप्तिस्मा झालेला हवा... तर आधी तुम्ही घ्या, मग मी!"

त्यानं गॉगल काढून काठावर ठेवला. मग म्हणाला, "नाही."

"विश्वास नाही?"

"यायला लागलाय. पण या रविवारी उतरलो तर तुमच्यासाठी उतरेन. तुमची माणसं असं खोटं उतरत नाहीत, बघतोय ना मी." त्यानं पायानं पाणी ढवळलं. "आणि तुम्हीही माझ्या हातासाठी उतराल. तो बाप्तिस्मा तुमचा राहील का?"

मला इतका राग आला, की मी ओल्या कपड्यांनिशीच तरातरा घरी निघून आले. खरं बोललेलं माणूस नेमकं आपलंच असलं, की जास्त झोंबतं. माझ्या मनातलं ओळखून आई हळहळली, "हो म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? पप्पांना जावई बाप्तिस्मा झालेलाच हवाय. एका दगडात दोन पक्षी!"

"आई, तो पक्षी मारणाऱ्यांतला नाही," मी म्हणाले, आणि मग मात्र रडूच आलं.

रविवार उजाडला. पांढरे झगे मिळाले. पाण्यात तरंगू नयेत म्हणून त्यांच्या घेराला शिशाचे तुकडे शिवलेले असतात. माझ्या शेजारी तरुणसंघातली एक मुलगी होती. "ताई, गार असेल का गं?" तिनं विचारलं आणि माझा हात घट्ट धरला. ती माझ्या आधी उतरली. वर आली तेव्हा हसत होती, रडत होती, कानात गेलेलं पाणी झटकत होती. माझा ऊर भरून आला.

माझी पाळी आली. साक्ष पाठ केली होती, ती विसरले. "मला पाण्याची भीती वाटते," मी म्हणाले. "विश्वासानं भीती गेली, असं सांगणार होते. ते खरं नाही. दोन्ही आहेत. तरी मी उतरतेय... कारण मला प्रभूचं व्हायचंय."

मी पायऱ्या उतरले. पाळकसाहेबांचा म्हातारा हात मानेमागे आला. हा तो हात नव्हता. नजर आपोआप शेवटच्या बाकाकडे गेली.

मास्तर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. धावत यावंसं वाटणारा माणूसच हात असे बांधून ठेवतो. त्याचं ते न येणं माझ्यासाठी किती मोठं होतं, ते मला तेव्हा समजलं. मी डोळे मिटले आणि माझी मीच सोडून दिलं.

पाणी डोक्यावरून गेलं. वर आले तेव्हा सगळे गात होते आणि पप्पा गायचे सोडून चष्मा पुसत होते.

नंतर चर्चच्या मागच्या बोळात, टॉवेल गुंडाळून मी उभी होते. केसांतून पाणी ठिबकत होतं. मास्तर आला.

"कसं वाटलं?"

"माझं वाटलं," मी म्हणाले. "सगळं माझं."

त्यानं मान हलवली. मग घसा खाकरला. "एक विचारायचंय. आत्ताच..."

"केस तरी पुसू द्या!"

"नको, धीर जाईल. माझ्याशी लग्न कराल?"

टॉवेल माझ्या हातातून सुटता सुटता राहिला. "तुम्हाला पप्पांची अट माहीत आहे ना?"

"म्हणून तर आत्ता विचारतोय. एक दिवस मी त्या हौदात उतरेन, असं मला वाटायला लागलंय. पण तुम्हाला मिळवायला नाही उतरायचं मला. तुम्ही आधीच हो म्हणालात, तर मी कशासाठी उतरलो याची मलाच शंका राहणार नाही."

"आणि... कधीच उतरला नाहीत तर?"

"तर तुम्ही एका कोरड्या माणसाशी लग्न केलेलं असेल." तो हसला नाही. "खोटं वचन मी देणार नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले. सोपं उत्तर हाताशी असताना ज्याला ते देववत नाही, असा हा माणूस. बोळाच्या टोकाला पप्पा माझ्या चपला हातात घेऊन उभे होते. त्यांना काय सांगायचं, ते ऐकतील का, काहीच माहीत नव्हतं. भीती वाटली. चांगलीच वाटली.

"हो," मी म्हणाले, आणि त्याचा हात धरून पप्पांना हाक मारली.